मावडूच्या सहा बरण्या

जाहीर निवेदन. सर्व आप्तेष्ट, सोयरे, शेजारी, तंजावूर, कुंभकोणम आणि पापनाशम इथल्या कल्याणमंडपांचे व्यवस्थापक, आणि ज्यांच्या घरच्या कार्यात मी गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत कधी ना कधी माइक हातात धरला आहे अशा सर्वांना कळवण्यात येते की, ‘मावडूच्या सहा बरण्या’ ही माझी सुप्रसिद्ध गोष्ट आजपासून मागे घेण्यात येत आहे. ती यापुढे कुठेही सांगितली जाणार नाही. जे जे ती ऐकून हसले, त्यांनी आपापलं हसू सवडीने परत करावं. पोच मिळणार नाही.

एवढ्या गंभीर निवेदनाचं कारण असं, की माझी मन्नी पाच आठवड्यांपूर्वी गेली. मन्नी म्हणजे वहिनी. पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहून आमच्या मराठीत जे तमिळ शब्द शिरले, त्यांतला हा एक. तिचं नाव सुगुणा. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी पापनाशमच्या एका लग्नात व्यासपीठावर उभा होतो आणि नेमकी तीच गोष्ट सांगत होतो. नोकरी माझी सरकारी कचेरीतली, पण नात्यातल्या लग्नांत माझ्या हातात अक्षतांच्या आधी माइक येतो. खिशात फोन थरथरला. गोष्ट शेवटाला आली होती, शेवटची बरणी उघडायची राहिली होती, आणि समोरची माणसं पानावर बसण्याआधी एकदा पोटभर हसायला तयार होती. मी खिशात हात घालून फोन गप्प केला. पुन्हा थरथरला, पुन्हा गप्प केला. बरणी उघडली, मन्नीचा आवाज काढला, मन्नीसारखा चष्मा नाकावर खाली ओढला. हशा झाला, टाळ्या झाल्या. मग बाहेर मांडवाच्या केळीपाशी येऊन फोन लावला. अण्णा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, “सुगुणा गेली रे. कॉफी घेतली आणि बसल्या बसल्या... तू होतास कुठे?” मी म्हटलं, “लग्नात.” काय करत होतो ते सांगितलं नाही.

मन्नी ओरत्तनाडूची. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती लग्न होऊन आली तेव्हा मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली होती, आणि शाळा सुटली तरी तिचं शिकवणं सुटत नसे. म्हणजे ती उपदेश करायची असं नाही. ती फक्त विचारायची, “कशावरून?” आणि समोरचा अडकला की म्हणायची, “मलाही ठाऊक नाही. बघू या की.” आमच्या घरात एखादा बोलत असताना पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं ठरणार, असा नियम होता. मन्नीने स्वयंपाकघरात एक पाटी टांगली. पाल चुकचुकली की कोण काय बोलत होतं ते लिहायचं, आणि पुढे काय झालं तेही. महिन्याभराने तिने पाटी आईसमोर धरली. खरं ठरलेलं आणि न ठरलेलं जवळपास सारखंच होतं. आई पाटीकडे बघून म्हणाली, “या घरातली पाल म्हातारी झालीय.” मन्नी जराही न चिडता म्हणाली, “असेल. मग शेजारच्यांची बघू या.” आणि खरोखरच पाटी घेऊन शेजारी निघाली. अण्णाने हात धरून परत आणली.

मी तेव्हा तिशीचा, नुकतं लग्न झालेला, आणि कुठल्याही गोष्टीवर पटकन विश्वास ठेवणारा. विश्वास ठेवला की गोष्ट चांगली रंगते. माझी स्कूटर दर शुक्रवारी बंद पडायची. शुक्रवारच, दुसरा वार नाही. मी सगळ्या कचेरीला पटवलं होतं की तिच्या आधीच्या मालकाचा जीव शुक्रवारी गेला असणार. मन्नीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “शुक्रवारी तू निराळं काय करतोस?” मी म्हटलं, काहीच नाही. “मग स्कूटरचं कोण काय करतं?” शुक्रवारी सकाळी आई स्कूटरला आंघोळ घालायची. दोन तांबे पाणी, हळद, कुंकू, फूल. मन्नी म्हणाली, “बाकी सगळं तसंच ठेवू, फक्त पाणी थांबवू. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुणामुळे काय झालं ते कळत नाही.” आईला तिने हळदकुंकू कोरडंच लावायला सांगितलं. पुढच्या शुक्रवारी स्कूटर सुरळीत चालली, त्याच्या पुढच्याही. आधीच्या मालकाचा आत्मा म्हणजे प्लगमध्ये गेलेलं पाणी होतं. तेव्हापासून मी तिचा शिष्य झालो, निदान तसं सगळ्यांना सांगू लागलो. विचार करायला शिकणं आणि विचार करतोय असं सांगायला शिकणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मला उशिरा कळलं. किती उशिरा, ते आता सांगतो.

मन्नी घरात आली त्या पहिल्याच वर्षी तिने घातलेलं मावडू बिघडलं. मावडू म्हणजे बोराएवढ्या कोवळ्या कैऱ्या, मीठ, हळद, मोहरी, मिरची आणि थोडं एरंडेल हाताने चोळून बरणीत भरायच्या. आठवड्याभरात त्यांना पाणी सुटतं, सुरकुत्या पडतात, आणि मग वर्षभर दहीभाताला दुसरं काही लागत नाही. मन्नीच्या बरणीवर पांढरी बुरशी आली. एकच बरणी, एकच वर्ष... पण आईने निकाल दिला. तुमच्याकडे ज्याला हातगुण म्हणतात त्याला इथे कैरासी म्हणतात. सुगुणेला कैरासी नाही, असं ठरलं. मग मन्नीने विरजण लावायचं नाही, बी पेरायचं नाही, नव्या घड्यात पहिलं पाणी भरायचं नाही. घरातलं कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की आई गोड आवाजात म्हणायची, “सुगुणे, मागच्या अंगणात कपडे वाळलेत का बघ जा.” मन्नी जायची. कपडे वाळलेले नसायचे, कारण पुष्कळदा दोरीवर कपडेच नसायचे.

हे सगळं तिने चालवून घेतलं. मग माझी मुलगी झाली, रेवती. अण्णा-मन्नींना मूल नव्हतं. आमच्या घरात पहिल्या अन्नाचा घास थोरल्या काकीने भरवायचा अशी रीत, म्हणजे तो मान मन्नीचा. आईने ठरवलं की घास कुंभकोणमची मावशी भरवेल. मी आणि माझी बायको जया, दोघंही गप्प बसलो. मन्नी बसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि मी तिला पहिल्यांदाच काही मागताना पाहिलं.

“आई, माझ्या हाताने बिघडतं, हे कशावरून?”

“कशावरून काय? बरणी बघितलीस की तू.”

“एक बघितली. तुमच्या हातच्या आजवर किती बिघडल्या?”

“माझ्या हातची बिघडत नाही.”

“कशावरून?”

“माझ्या हातची आहे म्हणून.”

मन्नी माझ्याकडे वळली. “मुरारी, हे जागच्या जागी फिरतंय. बघू या की.”

तिने आखलेला प्रयोग मी पुढे शेकडो वेळा रंगवून सांगितला, पण तो मुळात फार साधा आणि फार चोख होता. कैऱ्या एकाच टोपलीतल्या, मीठ-मसाला तोलून सारखा, बरण्या एकसारख्या सहा. तीन बरण्यांतलं मावडू आईने चोळायचं, तीन मन्नीने, कोठीच्या खोलीत दार लावून, एकीने चोळताना दुसरीने बघायचं नाही. कुठली बरणी कुणाची ते एकट्या मला ठाऊक. मी वाटेल तसे आकडे चिकटवायचे, सगळ्यांवर मीच फडकं बांधायचं, आणि चाळीस दिवस रोज बरण्या न उघडता हलवायच्या. चाळिसाव्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायच्या, कुठल्या बिघडल्या ते आधी ठरवायचं, आणि मगच मी चिठ्ठी वाचायची. मन्नीच्या बरण्या आईच्यापेक्षा जास्त बिघडल्या नाहीत, तर घास मन्नी भरवणार. आई लगेच कबूल झाली. तिला शंकाच नव्हती. चिठ्ठीबद्दल मन्नी म्हणाली, “तुझ्या त्या लिपीत लिही. चुकून माझ्या नजरेस पडली तरी मला कळायला नको.” आमच्या घरात सगळे मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. देवनागरी आजोबांनी फक्त मला शिकवली होती. मी ऐटीत लिहिलं: दोन, चार, पाच आई, एक, तीन, सहा मन्नी. चिठ्ठी पंचांगात ठेवली. मन्नी म्हणाली, “तुझं काम एवढंच, की काही करायचं नाही.” मी म्हटलं, “ते मला येतं. कचेरीत तेच करतो.”

मला ते आलं नाही. कोठीची किल्ली माझ्याकडे होती. पंधरा-सोळा दिवसांनी मावडूचा वास दाराबाहेर येऊ लागला. दुपारी दहीभात जेवताना मी मध्येच उठलो, हात धुतला, आणि तसाच ओल्या हाताने बरणीतून दोन कैऱ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. आणि काढल्या त्या नेहमी आईच्या बरण्यांतून, दोनमधून नाही तर पाचमधून. मन्नीच्या बरण्यांना मी हात लावला नाही, कारण आईच्या हातची चव निराळी, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. कशावरून, असं मी स्वतःला विचारलं नाही. एकाच टोपलीतल्या कैऱ्या, एकाच तराजूतलं मीठ, आणि मी डोळे मिटून चोखत होतो, वा, आईचा हात...

चाळीस दिवस भरायला तीन दिवस असताना मी फडकं सोडलं तर दोनमध्ये पांढरी बुरशी. पाचमध्येही. बाकी चार बरण्या लख्ख. मावडूत ओला हात घालू नये हे तंजावुरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. हातामुळेच बिघडलं होतं, पण तो हात माझा होता.

आता मी काय करायला हवं होतं ते सांगायची गरज नाही. मी काय केलं ते सांगतो. चाळिसाव्या दिवशी सकाळी सगळे जमले. मन्नीने स्वतः फडकी सोडली, चष्मा नाकावर खाली ओढून एकेका बरणीत बघितलं, आणि म्हणाली, “दोन आणि पाच बिघडल्या. बाकीच्या चांगल्या. कबूल?” सगळे म्हणाले कबूल. आईही म्हणाली. मग मन्नी माझ्याकडे बघून म्हणाली, “वाच.” मी पंचांगातून चिठ्ठी काढली, घसा साफ केला आणि वाचलं, “एक, तीन, सहा आई. दोन, चार, पाच मन्नी.” चिठ्ठी बदलायचीसुद्धा गरज पडली नाही. ती वाचू शकणारा घरात मी एकटा होतो. इतका चोख प्रयोग आखताना मन्नीने एकच गोष्ट तपासली नव्हती, ती म्हणजे मी.

का केलं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आईची मान खाली जाऊ नये म्हणून. ते थोडं खरं आहे. चोरून खाल्ल्याचं उघडं पडेल म्हणून, हेही खरं आहे. पण तिसरं कारण आहे, आणि ते लिहिताना मला माझीच किळस येते. त्या क्षणी मला जाणवलं होतं की असं झालं तर गोष्ट जास्त चांगली होईल. विज्ञानाच्या बाई प्रयोग मांडतात, आणि प्रयोग त्यांच्यावरच उलटतो... हशा तिथे आहे. मन्नी जिंकली असती तर त्यात काय मजा होती? मला तो हशा, तो अजून झालेला नसताना, ऐकू आला होता.

मन्नीने सोडलेली फडकी घडी करून ठेवली. मग म्हणाली, “निकाल तो निकाल.” आणि थोड्या वेळाने, अण्णाकडे बघून, “पण एकदाच झालंय. पुन्हा करून बघू या.” अण्णा तोवर तिच्या बाजूचा होता. तो म्हणाला, “पुरे, सुगुणा.” त्याने हे रागाने म्हटलं नाही. म्हणूनच बहुधा ती पुढे काही बोलली नाही. त्या दिवसानंतर अण्णासुद्धा महत्त्वाच्या कामाला निघताना पिशवी आईच्या हातून घेऊ लागला. आणि रेवतीला पहिला घास मावशीने भरवला. मन्नी दारापाशी उभी होती. मी तिला म्हटलं, “मन्नी, जवळ ये की.” ती म्हणाली, “इथून दिसतंय.”

पुढे काही वर्षांनी, गच्चीवर मोरमिरची, म्हणजे ताकात मुरवलेल्या मिरच्या, वाळत घालताना, तिने मला एकदाच विचारलं, “मुरारी, त्या दिवशी चिठ्ठी बरोबर वाचलीस ना?” मी छातीवर हात ठेवून नाटकातल्यासारखं म्हटलं, “मन्नी, देवाशपथ.” तिने मान हलवली. पालीला कशावरून विचारणारी, आईला कशावरून विचारणारी ही बाई, तिने मला ‘कशावरून’ असं विचारलं नाही. माझ्या शब्दाला तिने पुरावा धरलं.

आणि मी ती गोष्ट सांगत सुटलो. बारशांत, साठीशांतीत, लग्नांत. मन्नी पुष्कळदा समोर बसलेली असायची. हसायचीही. कधी मी मिठाचं माप चुकलो तर खालून दुरुस्त करायची, “पाव किलो नाही, दीडपाव.” लोकांना तेही आवडायचं. आपल्याविरुद्ध गेलेला निकाल तिने लपवला नाही, आणि मी तो विकून टाळ्या घेतल्या.

रेवती मात्र तिच्याच हाताखाली वाढली. पेरिम्मा, म्हणजे थोरली काकी, पेरिम्मा, पेरिम्मा करत पाटी घेऊन मागे फिरायची. ती आता चेन्नईला एका प्रयोगशाळेत काम करते. तेराव्यानंतर ती मन्नीचं कपाट आवरायला थांबली होती. दुपारची जेवणं झाली होती. बाहेरच्या खोलीत अण्णा झोपाळ्यावर, आई जमिनीवर बसून वाती वळत होती. आई आता नव्वदीला आली आहे, पण कान आणि हात शाबूत आहेत. रेवती एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली.

“अप्पा, पेरिम्माच्या शाळेच्या वहीत हे होतं. वाच जरा.”

पंचांगातून चिठ्ठी कधी गायब झाली, मला ठाऊक नव्हतं. मन्नीने ती जपून ठेवली होती, न वाचता येणारी. मी कागद हातात घेतला. खरं सांगतो, पहिला विचार पुन्हा खोटं वाचायचा आला. तोंडसुद्धा उघडलं. पण एक ऐवजी दोन म्हणायचं की दोन ऐवजी एक, याचा इतक्या वर्षांनी घोळ झाला, जीभ अडली, आणि त्या अडण्यात मी जे लिहिलं होतं तेच वाचून गेलो. “दोन, चार, पाच आई. एक, तीन, सहा मन्नी.”

मग मी सगळं सांगितलं. ओला हात, बुरशी, चिठ्ठी, गच्ची, आणि पापनाशमला फोन का उचलला नाही तेही. या वेळी आवाज काढले नाहीत. रेवती शांतपणे म्हणाली, “मी परवाच फोनवर वाचून घेतलं होतं, अप्पा. काय लिहिलंय ते फोन सांगतो आता. तू काय वाचतोस ते बघायचं होतं.” तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिने कागद उलटा केला. मागे मन्नीच्या अक्षरात तमिळमध्ये एक ओळ होती: एकदाच केलं. पुन्हा करायला हवं.

अण्णाने कागद मागितला. चष्मा न लावता बराच वेळ हातात धरला. “मला म्हणाली होती ती,” एवढंच म्हणाला, आणि उठून मागच्या अंगणात गेला. दोरीवर त्या दिवशीही काही नव्हतं.

राहिली आई. तिचे हात थांबले होते, वळून झालेली वात मांडीवर तशीच पडली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि वाट बघू लागलो. तिने मला थोबाडीत मारावी, सुगुणेचं नाव घेऊन रडावं, त्या घासाबद्दल, त्या कपड्यांबद्दल काहीतरी म्हणावं... काहीही चाललं असतं. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती कोठीच्या दाराकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा तिची कुणी चोरी पकडल्यावर झाला असता. मग तिच्या तोंडून निघून गेलं, मोठ्याने, अंगणातल्या अण्णालाही ऐकू जाईल असं:

“म्हणजे... बिघडल्या त्या माझ्या होत्या?”